मुरूम-वाळूचा भराव वर्षानुवर्षे बसत राहतो का? (सोलापूर, घराचं जोतं)

जुळेकर
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं घर आहे. प्लॉट रस्त्यापेक्षा खाली होता, म्हणून जोत्यात चार-साडेचार फूट मुरूम भरला. वर दगडी सोलिंग, पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि टाइल्स. कॉलमचे फूटिंग खाली कठीण मुरुमापर्यंत नेले आहेत, तिथं काही तक्रार नाही. भिंतींना तडाही नाही. पण हॉलच्या एका कोपऱ्यात टाइल्स आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) यांच्यात फट पडली आहे. गेल्या दिवाळीत तिथं जेमतेम पोस्टकार्ड जायचं, आता रुपयाचं नाणं सरकतं.

ठेकेदार म्हणतो, "मुरूम आहे मालक, काळी माती नव्हे. मुरूम-वाळू एकदा कुटली की विषय संपला, नंतर ती बसत नसते."

हॉलमधलं सामान तेवढंच आहे, वरचं वजन वाढलेलं नाही. अशा वेळी वाळू, मुरूम, खडी असे जाड कणांचे थर नुसत्या काळाने बसत राहतात का? राहत असतील तर किती, आणि किती वर्षं? जाणकारांनी सांगावं.

अक्कलकोट_रोड
खाली काळी माती राहिली असणार बघा. सोलापुरात दुसरं कारण नसतंय.

जुळेकर
काळी माती पूर्ण उचलून घेतली होती. मी स्वतः उभा होतो, फोटोही आहेत.

धुम्मस
पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, भरावाचंच काम आयुष्यभर केलं. आम्ही शिकलो ते असं: वाळू ताबडतोब बसते, चिकणमाती वर्षानुवर्षं बसते. चिकणमातीत कणांमधलं पाणी दाबाखाली अडकतं, ते हळूहळू झिरपतं आणि तसतशी माती दबते. मृदा यांत्रिकीचे जनक मानले जाणारे टर्झागी, त्यांनी १९२५ च्या सुमारास हे गणितात बसवलं. वाळूत आणि मुरमात पाणी अडकतच नाही, मग वेळ लागायचं कारणच काय? त्या अर्थी ठेकेदार चूक बोलत नाही.

माझी शंका वेगळी आहे. जोत्यात भराव करताना सात-आठ इंचांचा थर, त्यावर बेताचं पाणी, मग रोलर, मग पुढचा थर, हा क्रम असतो. प्रत्यक्षात डंपर थेट आत ओततात आणि वर पाइप सोडून देतात. रोलर आला तरी तो मधूनच फिरतो. कॉलम आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची तुळई) यांच्या बेचक्यात तो पोहोचत नाही, तिथं हाताने धुम्मस (माती ठोकायचं जड अवजार) मारावी लागते, आणि तेवढी मेहनत कुणी घेत नाही. तुमची फट कोपऱ्यात आहे, मध्ये नाही, हे लक्षात घ्या.

दुसरं, आम्ही जोतं भरलं की त्याला एक पावसाळा काढू द्यायचो. फरशी त्यानंतर. हल्ली कुणाला तेवढा दम नाही.

खडीवाला
+१. कोपऱ्यात धुम्मसच. छोटा प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो आता, तोही चालतो.

माती_परीक्षण
मी स्थापत्य शाखेत मृदा यांत्रिकी शिकवते. धुम्मस काकांचं कोपऱ्याचं निदान मला पटतं. 'वाळू ताबडतोब बसते' याला मात्र पुरवणी हवी, कारण अर्धं पुस्तक तिथंच बंद होतं.

वाळूतलं पाणी लगेच निघून जातं हे खरं. पण वेळेचा परिणाम फक्त पाण्यामुळेच होतो असं नाही. वाळूचे कण एकमेकांना पूर्ण पृष्ठभागाने टेकत नाहीत, बारीक उंचवट्यांवर टेकतात. वरचं वजन पायाच्या क्षेत्रफळावर बघितलं तर थोडं दिसतं, पण त्या टोकांवर दाब प्रचंड असतो. टोक थोडं चुरतं, कण किंचित घसरतो, त्याचा भार शेजारच्या कणावर जातो, मग त्याचं टोक चुरतं. दगडातल्या सूक्ष्म भेगाही भाराखाली हळूहळू वाढतात. आज न फुटलेला कण त्याच भाराखाली काही महिन्यांनी फुटू शकतो. प्रयोगशाळेत भार स्थिर ठेवलेल्या वाळूला संवेदनशील मायक्रोफोन लावून असे तडकण्याचे आवाज नोंदवलेले आहेत. भार तोच आणि बसणं चालू, याला आम्ही क्रीप म्हणतो.

आता 'किती' याकडे येते. अमेरिकेतल्या श्मर्टमन यांनी १९७० मध्ये वाळूवरच्या पायाचं बसणं काढायची पद्धत दिली, ती आजही वापरात आहे. त्यात काळाचा एक गुणक आहे: १ + ०.२ × लॉग (वर्षं ÷ ०.१), लॉग दहाच्या पायाचा. म्हणजे बांधकामानंतर सव्वा महिन्याच्या सुमारास बसणं १० मिमी असेल, तर वर्षाने १२, दहा वर्षांनी १४ आणि शंभर वर्षांनी १६ मिमी.

पहिल्या वर्षात २ मिमी, पुढच्या नऊ वर्षांत मिळून २ मिमी, आणि त्यापुढच्या नव्वद वर्षांत पुन्हा २ मिमी. जुळेकर, तुमच्या 'किती वर्षं' या प्रश्नाचं उत्तर यात आहे. थांबत नाही, पण इतकं मंदावतं की नीट कुटलेल्या भरावावर माणसाला ते जाणवायचं कारण नाही.

अक्कलकोट_रोड
ताई, हे म्हणजे शेंगा चटणीच्या बरणीसारखं झालं की. भरली तेव्हा गळ्यापर्यंत, चार दिवसांनी बघावं तर दोन बोटं खाली, आणि घरात कुणी खाल्ली म्हणून चौकशी!

माती_परीक्षण
हाहा, बरणीत दोन्ही गोष्टी असतात. नुसती ठेवून जेवढी खाली जाते त्यापेक्षा उचल-ठेव करताना जास्त जाते. आणि कुणी खाल्लीही असेल, त्याला सूत्र नाही.

उचल-ठेवीचा मुद्दा मात्र फार महत्त्वाचा आहे. स्थिर भार आणि हलता भार यांत मोठा फरक पडतो. यावर यंत्रमागवाल्यांनी आणि रेल्वेवाल्यांनी लिहावं असं मला वाटतं.

रुळावरचा
बोलावलंत म्हणून आलो. सोलापूर विभागात ट्रॅकवर काम करतो. आमच्या रुळाखालची खडी म्हणजे बेसाल्टच, साधारण २० ते ६५ मिमीची. मातीचा अंशही नको म्हणून ती चाळून घेतात, तरी ती बसतेच. डीप स्क्रीनिंग केलं, म्हणजे खडी काढून चाळून परत भरली, की गाड्यांना वेगमर्यादा लागते. सुरुवातीला ताशी २० किमी, मग पॅकिंग (रुळाखाली खडी ठासणं) करत करत टप्प्याटप्प्याने वाढवतात. कारण पहिल्या काही गाड्यांत खडी भराभर बसते, पुढे हळू. आता डायनॅमिक स्टॅबिलायझर नावाचं मशीन आहे, ते दाब देत रूळ हलवतं आणि सुरुवातीचं बसणं तिथल्या तिथं उरकून घेतं.

जुनी खडी हातात घेऊन बघा. नवी असताना कोपरे बोटाला टोचतात, जुनीचे कोपरे गोल झालेले असतात आणि तळाशी राखाडी भुकटी साचलेली असते. ताई म्हणतात ते टोकं चुरणं आम्ही रोज फावड्यावर बघतो.

धुम्मस
रुळावरचा, तुमचं बरोबर, पण ते हजारो चाकांखालचं. जुळेकरांच्या हॉलमध्ये सोफा आहे.

आणि ताई, एक विचारतो. आम्ही साइटवर प्लेट लोड टेस्ट करायचो, म्हणजे जमिनीवर प्लेट ठेवून भार चढवत बसणं मोजायचो. आयएस १८८८ या भारतीय मानकात चिकणमाती सोडून इतर जमिनींना प्रत्येक भार किमान एक तास, किंवा बसण्याचा वेग मिनिटाला ०.०२ मिमीपर्यंत उतरेपर्यंत ठेवा असं आहे. वाळूत काळाचा एवढा परिणाम असता तर तासाभरात पुढचा भार चढवायला परवानगी दिली असती का?

माती_परीक्षण
काका, उत्तम प्रश्न. मिनिटाला ०.०२ म्हणजे तासाला १.२ मिमी. हा वेग शून्य नाही. त्या क्षणी वाळू बसायची थांबलेली नसते, टेस्ट पुढे न्यायला पुरेशी संथ झालेली असते इतकंच. ती टेस्ट जमिनीची भारक्षमता आणि लगेचचं बसणं कळावं म्हणून आहे. पुढच्या तीस वर्षांचा अंदाज त्या तासात मागणं टेस्टवर अन्याय आहे.

भार एक तासाऐवजी रात्रभर तसाच ठेवला आणि डायल गेज वाचत राहिलं तर काटा सरकताना दिसतो. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम करायला लावते. वेळ लॉग मापावर मांडली की बहुतेक वेळा जवळपास सरळ रेघ येते.

धुम्मस
मान्य. मातीच्या धरणाचा माथा मध्यभागी थोडा चढ ठेवून बांधतात, तो याचसाठी की पुढे बसल्यावरही पाणी वरून जाता कामा नये. आम्ही तो हिशोब चिकणमातीच्या गाभ्यासाठी समजायचो. दगडी भरावाची धरणंही बांधून झाल्यावर वर्षानुवर्षं बसत राहिल्याच्या नोंदी आहेत हे वाचलंय, तिथं चिकणमातीवर ढकलता येत नाही.

मोहोळचा_शेतकरी
आमचा अनुभव. जुनी पडकी विहीर डबर, गोटे आणि वर मुरूम टाकून बुजवली. दर पावसाळ्यात ती जागा खाली जाते, दर उन्हाळ्यात आम्ही ट्रॉलीभर मुरूम टाकतो. यालाच क्रीप म्हणायचं का?

माती_परीक्षण
दादा, तुमच्याकडे मुख्य कारण दुसरं दिसतं. खाली मोठे गोटे, त्यांच्यात मोठ्या पोकळ्या, वर बारीक मुरूम. पावसाचं पाणी मुरूम धुऊन गोट्यांच्या पोकळ्यांत नेतं. वरून ट्रॉली ओतत राहाल तर पोकळ्या भरेपर्यंत हे चालेल. गोट्यांवर आधी खडी, मग कच (क्रशरचा बारीक चुरा), मग मुरूम अशी उतरती भरली असती तर अडलं असतं. आणि कृपा करून त्या जागेवर गोठा किंवा खोली बांधू नका.

पण तुमच्या पोस्टमध्ये पावसाळा आला ते बरं झालं, कारण पाण्याचा स्वतंत्र परिणामही असतो. ओल्दकोप आणि अलोन्सो यांनी २००१ मध्ये फोडलेल्या दगडाच्या भरावावर प्रयोग प्रसिद्ध केले. भार तोच ठेवून त्यांनी नमुन्यातल्या हवेची फक्त आर्द्रता वाढवत नेली. दगड दबत गेला. हवा पूर्ण दमट झाल्यावर नमुन्यात पाणी भरलं, तेव्हा विशेष काही झालं नाही, बसायचं ते दमट हवेतच बसून झालं होतं. पाण्याने सूक्ष्म भेगांचं टोक कमकुवत होतं आणि भेग कमी ताणात पुढे सरकते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात भरलेला भराव जून-जुलैत पहिल्यांदा ओला होतो तेव्हा एकदम का बसतो, त्याचं एक कारण हे आहे. सैल भराव असेल तर ओला झाल्यावर कणांची रचनाही कोसळते, ते वेगळंच.

खडीवाला
म्हणजे एक पावसाळा काढू द्या हे जुन्या लोकांचं म्हणणं प्रयोगात सिद्ध झालंय तर. मी रोज खडी विकतो, पण हा विचार कधी मनात आला नव्हता. छान धागा.

बाळे_यंत्रमाग
आमच्या शेडमध्ये माग वाळूच्या भरावावरच्या कोब्यावर आहेत. मागाच्या पायाशी कोबा खाली गेलेला, मधल्या वाटेत जसाच्या तसा. दर वर्षी पाचर ठोकून माग लेव्हल करतो. नवीन माग बसवला की पहिले काही महिने सारखी पाचर लागते, जुन्याला क्वचित.

माती_परीक्षण
अगदी पुस्तकात घालावं असं उदाहरण आहे.

१९८५ मध्ये बर्लंड आणि बर्बिज यांनी वाळू आणि खडीच्या जमिनीवरच्या इमारती, टाक्या, भराव यांच्या दोनशेहून अधिक नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा: स्थिर भार असेल तर बांधून होताना बसलेल्या १० मिमीचे तीन वर्षांनी १३ आणि तीस वर्षांनी १५ मिमी धरा. भार कमी-जास्त होत असेल, म्हणजे उंच चिमण्या, सायलो, पूल, टर्बाइन, तर तीन वर्षांनी १७ आणि तीस वर्षांनी २५ मिमी.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती! चिमणीवर वारा रोज वेगळा, टाकीतली मळी हंगामात भरते आणि उतरते. तिथं क्रीपकडे दुर्लक्ष करणं म्हणजे अर्ध्याहून जास्त बसणं हिशोबातून सोडणं. वाळूवरच्या सुट्या पायासाठी आयएस १९०४ मध्ये ५० मिमीची मर्यादा आहे. बांधून झाल्यावर मोजलेलं ३० मिमी बघून निर्धास्त राहिलं, तर हलत्या भाराखाली ते तीस वर्षांत ७५ होऊ शकतं.

टेंभुर्णी_२
अवांतर: भीमेची वाळू आणि क्रश सँड यांत फरक पडेल का? नदीची वाळू आता मिळते कुठं.

खडीवाला
भरावाला नदीची वाळू वापरू नका, ती काँक्रीटलाही पुरत नाही. नदी ओरबाडून घरं बांधायची हे बरं नाही वाटत. क्रशरचा कच भरावाला उत्तम.

माती_परीक्षण
खडीवाला यांच्याशी पूर्ण सहमत. कणांचं म्हणाल तर नदीतला कण घासून गोल झालेला, क्रशरचा कोनेदार. कोनेदार कण एकमेकांत अडकतात म्हणून ताकद चांगली देतात, पण टोकं चुरायला जास्त जागा असते, त्यामुळे सैल भरला तर जास्त बसतो. घट्ट कुटला तर चिंता नाही. कणाचा दगड कोणता यावरही खूप ठरतं. शंख-शिंपल्यांची वाळू क्वार्ट्झच्या वाळूपेक्षा पुष्कळ जास्त क्रीप दाखवते, कारण कण मऊ.

याच न्यायाने मुरूम तपासा. आपला मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. मूठभर घेऊन रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी दोन बोटांत चोळा. खडे टणक राहिले आणि पाणी थोडंच गढूळ झालं तर माल चांगला. खडा बोटात विरघळून लगदा झाला, हाताला चिकटला, तर आज तो जाड कणांचा दिसतो, पण जोत्यात भिजत राहिला की त्याची चिकणमातीच होणार. अशा मुरमाला वर सांगितलेली वाळूची सूत्रं लावू नका.

रुळावरचा
एक विचारू? हे सगळं बसणं वाईटच का? आमच्याकडे बसलेली खडी चांगली मानतात, ताजी हलवलेली नाही.

माती_परीक्षण
तुम्ही माझ्या आवडत्या विषयावर आणलंत. क्रीपची ही बाजू फार कमी सांगितली जाते. नायजेरियातल्या जेब्बा धरणाखाली वाळूचे खोल थर स्फोट आणि कंपनाने घट्ट केले होते. लगेच चाचणी घेतली तर अपेक्षेएवढी ताकद दिसेना. काही आठवड्यांनी त्याच वाळूत शंकू घुसवायला जास्त जोर लागू लागला, नवीन काही न करता. मिचेल आणि सोलिमार यांनी १९८४ मध्ये हे मांडलं. फ्रान्समध्ये डंकर्कच्या वाळूत ठोकलेल्या पोलादी पाइलांची (पायाच्या खांबांची) पाच वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बाजूंवरच्या वाळूच्या पकडीची ताकद सहाव्या महिन्यापेक्षा ८५ टक्क्यांनी वाढलेली निघाली.

तिथंही कारण हेच मानलं जातं. कण हळूहळू सरकून स्थिर जागा शोधतात, पाइलभोवती ठोकताना तयार झालेली दाबाची कमान सैल होते आणि वाळू पाइलला जास्त घट्ट धरते. वाळू निर्जीव आणि आज-उद्या सारखीच असते असं मानून आपण तिचं नुकसानही चुकवतो आणि फायदाही.

धुम्मस
चाळीस वर्षांपूर्वी असं कुणी समजावलं असतं तर कामात अजून रस आला असता. वर्गात हे सगळं सांगत जा.

जुळेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी व्यपनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) सांगितल्याप्रमाणे फटीच्या दोन बाजूंना खुणा करून दर महिन्याला व्हर्नियरने मोजत होतो. शिवाय पारदर्शक नळीत पाणी भरून कोपऱ्याची लेव्हल कॉलमवरच्या खुणेशी ताडत होतो. उन्हाळ्यात फट हललीच नाही. पावसाळा लागल्यावर वाढली. आणि पाऊस नसलेल्या आठवड्यातही वाढली, म्हणून प्लंबरला बोलावलं. त्या कोपऱ्यामागे बाथरूमची नहाणी आहे, तिच्या पाइपाचा जोड जोत्याच्या आत सुटलेला होता. टाइल उचलून पाइप बदलला. खालचा मुरूम हातात घेतला तर मूठ मारली की आकार धरत होता. भिजवून चोळायची परीक्षाही केली, अर्धेअधिक खडे लगदा झाले.

अक्कलकोट_रोड
मुरूम नव्हता म्हणा तो, मुरमाचा रंग होता नुसता.

धुम्मस
आता घाईने टाइल बसवू नका. तेवढ्या भागातला ओला मुरूम काढा, चांगला कच सहा-सहा इंचांच्या थरांत धुम्मस मारून भरा, आणि खुणा मोजणं पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालू ठेवा. तोवर वर साधी चटई टाकून चालवा. ग्राउटिंगवाले येतील, सिमेंटचं दूध सोडतो म्हणतील. गळती मिटल्यावर बसणं थांबतंय का हे कळल्याशिवाय पैसे घालू नका.

माती_परीक्षण
काकांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मोजमापांच्या तारखा आणि आकडे इथं टाकत राहा. अशा साध्या घरांच्या नोंदी जवळजवळ कुणीच ठेवत नाही, विद्यार्थ्यांना दाखवायला मला फार उपयोग होईल.

बार्शीकर
उशिरा आलो. शेतात मुरमाच्या ओट्यावर दहा हजार लिटरची टाकी ठेवायची आहे. ओटा तीन फूट. वरची चर्चा वाचून भीती वाटायला लागली. काय काळजी घेऊ?

माती_परीक्षण
भिऊ नका, टाकीचा एक मोठा फायदा आहे: भार तुमच्या हातात असतो. ओटा थरांत कुटून घ्या, टाकी ठेवा, काठोकाठ भरा आणि पक्का पाइप न जोडता एक पावसाळा तशीच भरलेली ठेवा. दहा टन पाणी फुकटात भराव दाबून देतं. एकदा जास्त भार सोसलेली वाळू त्याहून कमी भाराला पुष्कळ कमी दबते, बर्लंड-बर्बिज तर अशा वेळी बसणं एक तृतीयांशच धरतात. ओट्याच्या कडेने पाणी साचू देऊ नका. नंतर पाइप जोडताना टाकीलगत लवचिक तुकडा ठेवा, कारण टाकी रोज भरणार आणि रिकामी होणार.

बार्शीकर
लवचिक म्हणजे साधा रबरी होज चालेल का?

खडीवाला
चालेल, पण उन्हात रबर कडक होतंय. सावली करा, आणि क्लिपा स्टेनलेसच्या घ्या.